आजीची नात : बोजेना नेम्त्सोव्हा

ख्रिस्ती मंडळीचा इतिहास ज्या विद्यार्थ्यांनीं ऐकला आहे, त्यांस यान हुस हें नांव अपरिचित नसावें. इ. स. १४१५ त कॉन्स्टन्स शहरीं आपल्या मतासाठीं जे जिवंत जाळले गेले तेच हे सत्पुरुष. शिक्षकवर्गास कोमेनियस यांचें नांव तितकेंच परिचयाचें आहे. चित्रें पुढें ठेवून मुलांस भाषा शिकवावी हा मार्ग त्यांनींच प्रशस्त केला. दोघांचीहि मातृभाषा चेक. याच भाषेंत १५७९ पासून १५९३ पर्यंत खपून बांधवमंडळीच्या पंडितांनीं पवित्र शास्त्राचें भाषांतर सहा खंडांत क्रालित्से गांवीं छापिलें. परंतु १६२० सालीं प्रागनजीक श्वेतगिरीच्या लढाईंत बोहेमियाच्या लोकांचा पराभव झाला. सुधारलेल्या मताच्या हजारों कुटुंबांस देश सोडावा लागला, त्यांचीं पुस्तकें शोधून शोधून जाळण्यांत आलीं, आणि पुढील दीड-दोनशें वर्षांत कचेऱ्या, सरदारांचे वाडे व वरच्या शाळा यांतून चेक भाषा मागें मागें हटत गेली. ती उरली कोठें? शेतकऱ्यांच्या चुलीपाशीं, विणकरांच्या मागाशीं, मोलकरणींच्या तोंडीं. ज्यास बढती पाहिजे तो जर्मन बोले. ज्यास बढतीची आशाच नव्हती तो चेक बोले.

अशा भाषेंत, एका मोलकरणीच्या मुलीनें, सर्व राष्ट्राच्या घरोघर वाचलें जाणारें पुस्तक लिहिलें. तिचें चरित्र आज आम्ही सांगणार आहों.

तिचा जन्म व्हिएन्ना शहरीं ता. ४ फेब्रुवारी १८२० रोजीं झाला असें सामान्यतः धरण्यांत येतें. कित्येक संशोधक ही तारीख दोनतीन वर्षें मागें नेतात, परंतु त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. बारशाचें नांव बार्बोरा. आई तेरेझिया ही विणकराची मुलगी, सागानच्या डचेसच्या पदरीं काम करीत असे. बाप योहान पांक्ल हा त्याच बाईसाहेबांचा कोचमन, जन्मानें व भाषेनें जर्मन. डचेसची उन्हाळ्याची कोठी ईशान्य बोहेमियांत रातिबोर्झित्से या गांवीं होती. उपा नांवाची लहानशी नदी, तिच्या काठीं कुरणें, एक पाणचक्की, वर टेकडीवर वाडा, असें तें खोरें आहे. पांक्ल कुटुंब तेथें राहावयास आलें तेव्हां बार्बोरा अगदीं लहान होती.

ती पांच-सहा वर्षांची असतां घरीं आईची आई आली. मागदालेना नोव्होत्ना हें त्या आजीचें नांव. जन्म १७७० चा. ती विणकराची विधवा. शहराची राहणी तिला ठाऊक नव्हती, जर्मन येत नव्हतें. पण गाणीं, गोष्टी, म्हणी, प्रार्थना, सणवार, औषधी झाडपाला यांचा तिच्याजवळ सांठा होता. ती कांहीं वर्षेंच या घरीं राहिली व पुढें निघून गेली. घरांत सर्वांचें सर्वांशीं पटतच होतें असेंहि नाहीं; नोकरीमुळें बाप वर्षांतील बहुतेक काळ धनिणीबरोबर व्हिएन्नास, आई कामानें गांजलेली व स्वभावानें कडक. तथापि तेवढ्या थोड्या वर्षांत म्हाताऱ्या बाईनें नातीच्या कानांत जें घातलें, तें पुढें तीस वर्षांनीं वर आलें.

बार्बोरा चेस्का स्कालित्से येथील शाळेंत गेली. नंतर पोर मोठ्या घरच्या रीतीभाती शिकावी, जर्मन सफाईनें बोलावी, पियानो वाजवावा, म्हणून तिला ख्वाल्कोव्हित्से येथील वाड्याच्या कारभाऱ्याच्या घरीं ठेवण्यांत आलें. तेथें जर्मन कादंबऱ्यांचें कपाट तिच्या हातीं लागलें. आईबापांचा हिशेब सरळ होता. मुलगी हुशार आहे, देखणी आहे, तिला वरच्या लोकांची भाषा आली म्हणजे तिचें कल्याण होईल. मुलाचें इंग्रजी कसें काय आहे, एवढेंच विचारून परत जाणारे पालक आमच्याहि परिचयाचे आहेत. तेव्हां या आईबापांस दोष देण्याचें धाडस आम्हीं काय म्हणून करावें?

१८३७ च्या सप्टेंबरांत, वयाच्या अठराव्या वर्षीं, तिचें लग्न झालें. नवरा योसेफ नेमेत्स हा जकातीच्या पहाऱ्यावरील अंमलदार, तिच्याहून पंधरा वर्षांनीं वडील. चेक भाषेंत नेमेत्स या शब्दाचा अर्थच मुळीं जर्मन असा आहे. पण हा जर्मन आडनांवाचा मनुष्य कडवा चेक अभिमानी होता, व चेक पुस्तकें व वर्तमानपत्रें बायकोच्या हातीं तोच देई. त्याच्या अंगीं प्रामाणिकपणा होता. पण स्वभाव तापट, बोलणें रांगडें, आणि पुढें पुढें हातहि उगारला जाई. हा संसार सुखाचा झाला नाहीं. त्याचे सर्व तपशील या पानांत देण्याचें आम्हांस प्रयोजन वाटत नाहीं. परंतु तो सुखाचा होता असें भासविणें हें असत्य होईल.

चार मुलें झालीं : हिनेक, कारेल, दोरा व यारोस्लाव्ह. बदल्यांमागून बदल्या चालल्या होत्या. १८४२ त बिऱ्हाड प्रागला आलें आणि येथून त्यांचें खरें आयुष्य सुरू झालें. (आतांपर्यंत आम्ही त्यांस एकेरी बोलत आलों, पुढें तसें करणें शोभणार नाहीं.) प्रागमध्यें त्या वेळीं चेक भाषेचे थोडेसे अभिमानी एकत्र जमत. युंगमान या वृद्ध पंडितानें १८३४ ते १८३९ या काळांत चेक-जर्मन शब्दकोश पांच भागांत छापून भाषेची संपत्ति मोजून दाखविली होती. पण त्या संपत्तींतून खर्च करून जिवंत गद्य लिहिणारें माणूस पाहिजे होतें. कवि नेबेस्की यांनीं बाईंस लिहिण्यास उत्तेजन दिलें. १८४३ त त्यांची पहिली कविता छापून आली. ती त्यांनीं चेक स्त्रियांस उद्देशून लिहिली होती. खालीं बार्बोरा हें नांव नव्हतें. प्राचीन चेक कथांत बोजेना नांवाची एक शेतकऱ्याची मुलगी राजपुत्राची राणी होते. तें नांव घेऊन त्या बोजेना नेम्त्सोव्हा झाल्या, व त्याच नांवानें जग त्यांस ओळखतें.

कविता त्यांनीं लवकरच सोडिली. खरी शक्ति निराळीच होती. १८४५ ते १८४८ या काळांत त्यांनीं लोकांच्या तोंडच्या परीकथा व दंतकथा सात भागांत प्रसिद्ध केल्या. ग्रिम बंधूंचा जर्मन संग्रह १८१२ पासून निघूं लागला होता, आणि प्रागमधील त्यांचे स्नेही एर्बेन हे लोककथांचे शास्त्रशुद्ध संग्राहक होते. बोजेनाबाईंची रीत वेगळी. त्या ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी उतरवीत नसत. आजी जशी प्रत्येक वेळीं गोष्टीला नवी फोडणी देते, तशीच त्याहि देत. पंडितांस यांत दोष दिसला. मुलांस मात्र तो कधीं दिसला नाहीं. त्यांच्या कथांत राजकन्या खिडकींत बसून रडत नाहींत, त्या कामाला लागतात. सैतानहि पुष्कळदां भोळा असतो, आणि हुशार खेडुताकडून फसविला जातो. बापावर मिठाइतकें प्रेम करितें असें सांगणाऱ्या धाकट्या राजकन्येची गोष्टहि त्यांनीं सांगितली आहे. सोन्यापेक्षां मीठ मोठें, हें तिच्या बापाला राज्यांतलें मीठ नाहींसें झाल्यावर समजतें. हीच गोष्ट थोड्या फरकानें आपल्या देशांतहि सांगतात. ती एकीकडून दुसरीकडे कशी गेली हें विद्वानांनीं ठरवावें.

१८४५ त योसेफ यांची बदली दोमाझलित्से या सरहद्दीवरील गांवीं झाली. तेथें बाईंनीं शेतकऱ्यांचा परिचय करून घेतला. आरंभीं खेडुत दबकत. सरकारी अंमलदाराची बायको, शहरी टोपी, हिला आमच्या घरांतलें काय पाहिजे? बाईंनीं आजाऱ्यांजवळ बसून, मुलांना औषध देऊन, बायकांबरोबर सूत कांततां कांततां तो संशय घालविला. मग गोष्टी आपोआप येऊं लागल्या. पण गोष्टींबरोबर त्यांनीं आणखीहि पाहिलें. वेठीनें पिचलेला शेतकरी, काळवंडलेल्या खोल्या, पोरांच्या तोंडावरची भूक, हें सर्व त्यांनीं नियतकालिकांतून निर्भीडपणें लिहिलें. १८४८ त ऑस्ट्रियाच्या राज्यांत क्रांति झाली व वेठ कायद्यानें बंद झाली. परंतु तेंच बंड मोडल्यावर, ज्यांनीं उघडपणें लोकपक्ष धरिला होता त्यांच्यावर सरकारची वक्रदृष्टि वळली. नेमेत्स पतिपत्नी त्यांतलींच. योसेफ यांस दूर हंगेरींत धाडण्यांत आलें, पगार घटला, बढती गेली. बाई १८५० पासून चार मुलांसह प्रागमध्यें राहिल्या. घरावर पोलिसांची नजर, पत्रें फोडलीं जात, आणि कोण भेटावयास आला याची नोंद होई. ज्या स्नेह्यांना नोकरी संभाळावयाची होती, ते हळूहळू येईनासे झाले.

त्यांतच थोरला मुलगा हिनेक क्षयानें आजारी पडला. १८५३ त, अवघा पंधरा वर्षांचा असतां, तो वारला.

यानंतर ज्या पुस्तकानें त्या अमर झाल्या, तें त्यांनीं लिहावयास घेतलें. थंडीच्या दिवसांत सरपण नाहीं, स्नेह्यांकडे उसने मागावयाचे, घरांत एक मुलगा कमी झालेला. अशा स्थितींत मन मागें मागें जाऊन त्या नदीकांठच्या खोऱ्यांत विसावलें. पुस्तकाचें नांव साधें, आजी. चेक भाषेंत बाबिच्का. तें १८५५ त प्रसिद्ध झालें. इंग्रजी भाषांतर १८९१ सालचें आहे, व आम्हीं तें त्या द्वारेंच वाचिलें.

कथानक म्हणावें असें त्यांत फारसें नाहीं. डोंगरांतल्या खेड्यांत एकटी राहणारी म्हातारी मुलीच्या बोलावण्यावरून तिच्या घरीं येते. बरोबर तिची रंगवलेली जुनी पेटी. घरांत चार नातवंडें, त्यांत थोरली बारुन्का, म्हणजे स्वतः लेखिकाच. मग एकामागून एक ऋतु येतात. आजी भाकर करिते, सूत कांतते, मुलांस घेऊन पाणचक्कीवर जाते, वाड्यांतल्या धनिणीशींहि जसें गिरणीवाल्याशीं तसेंच सरळ बोलते. पावाचा कण जमिनीवर पडूं देत नाहीं. तें देवाचें दान आहे, आणि त्यावर पाय पडला तर मृतांचे आत्मे रडतात अशी तिची श्रद्धा. तिची भक्ति रोमन कॅथलिक खेड्यांतली आहे, तींत भोळ्या समजुतींचीहि भेसळ आहे, व आमच्या मंडळींत वाढलेल्या वाचकांस ती जागोजाग निराळी वाटेल. पण प्रार्थना आणि रोजचें काम यांच्यामध्यें तिनें भिंत घातलेली नाहीं, आणि अशीं माणसें कोणत्याहि मंडळींत फारशीं नसतात.

पुस्तकांत आजीची मागची हकीकत येते ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. तिचा नवरा प्रशियाच्या सैन्यांत होता व लढाईंत पडला. राजाच्या सरकारानें तिच्या लेकरांचें शिक्षण आपल्या खर्चानें करण्याची तयारी दाखविली. पदरीं तीन मुलें, हातांत पैसा नाहीं. कोणीहि तें स्वीकारिलें असतें. पण मुलें परक्या भाषेंत वाढून आपली भाषा विसरतील, या भयानें ती बाई तें दान नाकारून मुलांस घेऊन पायीं डोंगर ओलांडून माहेरच्या गांवीं परत आली. आजीचा हा निर्णय शहाणपणाचा होता काय? आम्हीं त्यावर पुष्कळ विचार केला आहे. फुकट मिळणारें शिक्षण सोडा असें आम्ही कोणासहि सांगणार नाहीं. आम्ही स्वतः मिशनच्या धर्मादायावर शिकलेले. तरी तें पान वाचतांना आम्हांला आमच्याच शाळेची आठवण झाली, व थोडें अस्वस्थहि वाटलें. इतकें खरें कीं, ती बाई पर्वताच्या पलीकडेच राहिली असती तर नात हें पुस्तक चेक भाषेंत लिहिती ना.

हें पुस्तक म्हणजे नुसता गोडवा आहे असें कोणी समजूं नये. त्यांत व्हिक्टोर्काची कथा आहे. गांवांतली देखणी मुलगी एका परक्या शिपायाच्या नादीं लागून घर सोडते, वेडी होऊन परत येते, रानांत राहते, रात्रीं नदीच्या बांधाजवळ गाते, आणि शेवटीं वीज पडून मरते. गांव तिला हांकून देत नाहीं. तिच्यासाठीं अन्न ठेवलेलें असतें. एवढ्या सौम्य पुस्तकाच्या मधोमध बाईंनीं ही काळी सांवली मुद्दाम राहूं दिली.

पुस्तकांतली आजी त्याच खोऱ्यांत नातवंडांमध्यें मरण पावते, सर्व गांव प्रेताबरोबर चालतो, आणि वाड्याच्या खिडकींतून धनीण त्या मिरवणुकीकडे पाहत त्या म्हातारीस सुखी म्हणते. खरी मागदालेना १८४१ त दूर व्हिएन्नास वारली. बाईंस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. आजीला आपल्या माणसांत मरण यावें, हें देवानें दिलें नाहीं तें त्यांनीं कागदावर दिलें.

याच वर्षांत आणखी कथा झाल्या. १८५६ च्या ‘रानटी बारा’ या कथेंत गुराख्याची धीट मुलगी आहे. गांव भुताखेतांना भितो. ती भीत नाहीं, म्हणून गांव तिलाच भितो. ‘गुरुजी’ या १८६० च्या लहानशा कथेंत शाळेच्या नांवानें थरथरणारी एक मुलगी आणि तिचा हात धरून तिला आंत नेणारा एक साधा शिक्षक आहे. आमच्या व्यवसायाविषयीं इतकें सुंदर आम्हीं फार थोडें वाचलें आहे, आणि वाचून थोडें लाजलोंहि.

हंगेरींत नवऱ्यास भेटण्यास जातां-येतां त्यांनीं स्लोव्हाक लोकांच्या गोष्टीहि जमविल्या. त्या १८५७-५८ त निघाल्या. त्यांतील बारा महिन्यांची गोष्ट आमच्या लहान वाचकांसाठीं थोडक्यांत देतों. मारुष्काला सावत्र आई भर हिवाळ्यांत जांभळीं रानफुलें आणावयास धाडते. बर्फांत भटकतां भटकतां तिला डोंगरमाथ्यावर जाळ दिसतो. भोंवतीं बारा पुरुष बसलेले, कोणी पांढऱ्या दाढीचे, कोणी तरुण. हेच बारा महिने. वडील जानेवारी उंच दगडावर बसलेला. मुलगी नम्रपणें ऊब घेण्याची परवानगी मागते व येण्याचें कारण सांगते. जानेवारी उठून आपली काठी मार्चच्या हातीं देतो. जाळ भडकतो, बर्फ वितळतें, झुडुपांखालीं फुलें उमलतात. दुसऱ्या खेपेस स्ट्रॉबेरी पाहिजे होतात, तेव्हां काठी जूनकडे जाते. तिसऱ्या खेपेस सफरचंदें, तेव्हां सप्टेंबरकडे. अखेर सावत्र बहीण होलेना हांवेनें स्वतःच निघते, जाळापाशीं न विचारतां हात शेकते, आणि जानेवारीनें विचारपूस केली असतां त्याला उद्धट उत्तर देते. तो काठी डोक्यावरून फिरवितो. आकाश काळें होतें. तिला शोधावयास गेलेली आईहि परत येत नाहीं.

१८५६ च्या जुलईंत हाव्हलिचेक हे निर्भय पत्रकार वारले. त्यांना सरकारनें कित्येक वर्षें हद्दपार केलें होतें. त्यांच्या प्रेतयात्रेस जाणें म्हणजे पोलिसांच्या वहींत नांव चढविणें होतें. बोजेनाबाई गेल्या.

शेवटचीं वर्षें आम्ही थोडक्यांत उरकतों. नवऱ्याची नोकरी गेली, घरांतला कलह वाढला, शरीर दुखण्यानें पोखरलें. १८६१ त त्या घर सोडून लितोमिश्ल येथें गेल्या. तेथील एक प्रकाशक त्यांचे समग्र ग्रंथ काढणार होता, व छापखान्याचे कागद तपासून पोट भरावें असा बेत होता. खाणावळींत खोली, हातांत पैसा नाहीं, आणि काम करण्याची ताकद संपलेली. एका स्नेह्याला मदतीसाठीं पत्र लिहावयास त्या पुनःपुन्हां बसल्या. त्या पत्राचे तीन खर्डे राहिले आहेत. शेवटीं नवराच येऊन त्यांस प्रागला घेऊन गेला. ता. २१ जानेवारी १८६२ रोजीं त्या वारल्या. बेचाळिसावें वर्ष पुरें होण्यास दोन आठवडे उरले होते. व्लताव्हा नदीवरील व्हिशेह्राद टेकडीच्या स्मशानभूमींत त्यांस पुरलें. पुढें त्याच भूमींत चेक राष्ट्राचे मोठमोठे कवि व संगीतकार त्यांच्या सोबतीस आले.

ज्या बाईंस पोटापुरते पैसे मिळाले नाहींत, त्यांचा चेहरा चेक प्रजासत्ताकाच्या पांचशें क्राऊनच्या नोटेवर छापलेला आहे. ‘आजी’ या पुस्तकाच्या आवृत्त्या तीनशेंहून अधिक झाल्या. रातिबोर्झित्सेच्या खोऱ्याला लोक आतां आजीचें खोरें म्हणतात. तेथें १९२२ पासून एक दगडी शिल्प उभें आहे : डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी, भोंवतीं चार नातवंडें, पायांशीं दोन कुत्रे. आजीला बिलगलेल्या त्या मुलांत बारुन्काहि आहे.